मिनी गोल्फ खेळताना बॉल कुठल्या रंगाचा घ्यावा?

शेवगा

मंडळी, प्रश्न फालतू वाटेल, पण आमच्याकडे यावरून दर उन्हाळ्यात रण माजतं, म्हणून धागाच काढते.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. शाळा संपल्या की तीन-चार मराठी कुटुंबं मिळून ओशन सिटीला समुद्रावर जातो. तिथल्या बोर्डवॉकवर, म्हणजे समुद्राकाठच्या लाकडी रस्त्यावर, मिनी गोल्फची रांग लागलेली आहे. कुठे चाच्यांचं जहाज, कुठे गोरिला, कुठे धबधबा. दिवसभर पाण्यात डुंबून झालं, पिझ्झा हादडून झाला की संध्याकाळी सगळी वरात तिकडे. खिडकीतला पोरगा उंची बघून पटर (बॉल भोकात ढकलायची काठी) देतो आणि बॉलची बादली पुढे सरकवतो. तिथे महाभारत सुरू. दोघींना गुलाबीच हवा, तिघांना लालच हवा, आणि मोठ्यांपैकी एकजण (माझा नवरा) 'गोल्फ म्हणजे पांढरा' म्हणून अडून बसतो.

बरं, रंग वाटून झाले तरी पुढचे घोळ असतातच. सातव्या-आठव्या होलपर्यंत दिवे लागायला येतात आणि कुणाचा बॉल कुठे गेला ते कळत नाही. मागून येणाऱ्या लोकांचाही एखादा उडून आमच्यात येतो, तो नेमका आमच्याच रंगाचा. मग 'हा माझा', 'नाही, माझा'.

यात काही शास्त्र आहे का? उगाच आवडीनिवडीपलीकडे? आणि दोघांनी एकच रंग घेतला तर काय बिघडतं, हेही सांगा. मला मुलांना पटेल असं कारण हवंय.

टवाळ

लाल. धागा बंद करा.

लुडोत लाल, कॅरममध्ये राणी लाल. लालला पर्याय नाही.

रानमोगरा

टवाळराव, कॅरममध्ये राणी मिळवायला कव्हर पण लागतं, ते विसरू नका.

शेवगा, आमच्या घरचा नियम सांगते. सगळ्यात लहान मूल आधी रंग उचलतं, मग वयाप्रमाणे वरवर. मोठ्यांना उरलेले. आणि ज्या क्रमाने रंग उचलले त्याच क्रमाने टोला मारायचा. स्कोअरकार्डावर नावांच्या जागी रंगच लिहायचे: गुलाबी, निळा, केशरी. 'आता कुणाची पाळी' हा प्रश्न संपतो.

क्रोके नावाचा तो हातोडीने बॉल मारायचा इंग्लिश खेळ आहे ना, त्यात हे अधिकृतच आहे. निळा, लाल, काळा, पिवळा हा क्रम ठरलेला, खुंटीवर त्याच क्रमाने पट्टे रंगवलेले असतात. मी लंडनला असताना ऑफिसच्या सहलीत खेळले होते. खुंटीकडे बघायचं आणि आपली पाळी ओळखायची. तेव्हापासून मला हे फार आवडलंय.

आडवा_छेद

पेशाने डोळ्यांच्या दवाखान्यातला आहे, पुण्यात. त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं शक्य नाही.

पहिली गोष्ट, हिरव्या टर्फवर (त्या खोट्या गवतावर) लाल बॉल ही अनेकांसाठी सगळ्यात वाईट निवड आहे. लाल-हिरव्याचा फरक नीट न कळणं हा रंगांधळेपणाचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्या लोकांत प्रमाण त्याहून कमी, पण दुर्मीळ मुळीच नाही. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून आईकडून मुलाकडे येतो आणि आईला स्वतःला पत्ताही नसतो. गंमत म्हणजे ज्यांना हे असतं त्यांतल्या बऱ्याच जणांना ते मोठेपणी, कुठल्यातरी नोकरीच्या मेडिकलमध्ये कळतं. तोवर 'याचं लक्ष नसतं, समोरचा बॉल दिसत नाही' अशी बोलणी खातात. तुमच्या ग्रुपमधलं एखादं पोर लाल बॉल टर्फवर असताना इकडेतिकडे बघत असेल आणि तोच बॉल सिमेंटच्या वाटेवर गेला की लगेच सापडत असेल, तर एकदा डोळे दाखवून घ्या. इशिहाराच्या ठिपक्यांची चाचणी पाच मिनिटांची असते.

दुसरी गोष्ट तुमच्या संध्याकाळची. उजेड कमी झाला की डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी मागे पडतात आणि अंधुक उजेडात बघणाऱ्या दंडपेशी काम हातात घेतात. दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. म्हणून दुपारी झगझगीत दिसणारं लाल जास्वंद तिन्हीसांजेला काळपट दिसतं आणि पानं उलट उजळ वाटतात. पुरकिन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदवून ठेवलं, त्याच्याच नावाने ओळखतात. तेव्हा दुपारी घेतलेला लाल बॉल दिवे लागायच्या आधीच्या त्या अर्ध्या तासात तुमच्या डोळ्यांदेखत गायब होतो. गडद निळा आणि जांभळा तर मुळातच काळोखे, त्यांचं वेगळं सांगायला नको.

तिसरी, लोक म्हणतात पिवळसर हिरवा सगळ्यात चांगला दिसतो. डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वात संवेदनशील असतो, हे खरं. पण बॉल एकटा बघायचा नसतो, टर्फवर बघायचा असतो. पोपटी बॉल हिरव्या कार्पेटवर ठेवला तर ती संवेदनशीलता घेऊन काय करायचंय? फरक पाहिजे, नुसती चमक नको. माझ्या मते दिवसा फ्लोरोसंट केशरी किंवा गुलाबी, संध्याकाळी पांढरा किंवा पिवळा. तुमचे यजमान हट्टी असले तरी संध्याकाळपुरते बरोबर आहेत.

शेवगा

बापरे, केवढं काय काय आहे यात. नवऱ्याला शेवटचं वाक्य दाखवणार नाही.

ते पोराचं लक्षण वाचून मात्र चरकले, आमच्यात एक भाचा अगदी असाच आहे. त्याच्या आईला हा धागा पाठवलाय.

यष्टीमागे

क्रिकेटवाल्यांनी यावर डोकं फोडून झालंय. दिवस-रात्र कसोटी खेळायची म्हटल्यावर लाल बॉल दिव्याखाली तपकिरी दिसायला लागला, पांढरा लवकर मळतो आणि खेळाडूंच्या पांढऱ्या कपड्यांत हरवतो. पिवळा, केशरी सगळे आजमावून शेवटी गुलाबी ठरला. पहिली कसोटी ॲडलेडला २०१५ च्या नोव्हेंबरात, आपली पहिली ईडन गार्डन्सवर २०१९ मध्ये बांगलादेशशी. टेनिसमध्येही टीव्हीवर दिसावा म्हणून १९७२ मध्ये पिवळा आला, विम्बल्डनने १९८६ पर्यंत पांढरा धरून ठेवला.

थोडक्यात, तुमच्या दोघी गुलाबीवाल्या पोरी आयसीसीच्या पुढे आहेत.

टवाळ

विज्ञान असं म्हणतं की लाल जिंकतो. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंग, कुस्ती, तायक्वांदोत चिठ्ठीने लाल किंवा निळे कपडे मिळत. लालवाले साधारण ५५ टक्के लढती जिंकले. 'नेचर'मध्ये २००५ साली छापून आलंय. आता बोला.

आडवा_छेद

वाचलंय. पुढे जास्त ऑलिंपिकांचा आणि जागतिक स्पर्धांचा डेटा एकत्र केला तेव्हा तो फायदा उरला नाही. आणि तिथे कपडे लाल होते, समोरच्याला दिसत होते. तुमच्या लाल बॉलला बघून गोरिला घाबरतो का?

टवाळ

गोरिला नाही, बायको घाबरते. 'आता हा हरला की दोन दिवस बोलणार नाही' म्हणून.

नेकारकाठी

स्टुटगार्टहून लिहितोय. इकडे मिनी गोल्फ हा चक्क क्लबात जाऊन खेळायचा खेळ आहे. सहकाऱ्याच्या नादाने मी दोन-तीन मोसम जातोय, त्यामुळे हा धागा वाचून गालातल्या गालात हसत होतो. आमच्या क्लबात 'कुठला बॉल घेतोस?' हा अत्यंत गंभीर प्रश्न आहे आणि त्यात रंगाचा काडीइतका संबंध नाही.

इकडे खेळाडू बॉलची पेटी घेऊन येतात. जुन्या जाणत्यांच्या घरी शेकड्यांनी बॉल असतात. नियमाने व्यास ३७ ते ४३ मिलिमीटर, आणि २५ अंश तापमानाला एक मीटरवरून काँक्रीटवर सोडला तर ८५ सेंटीमीटरच्या वर उसळी घ्यायची नाही. या चौकटीत काहीही. एखादा इतका मेलेला असतो की जमिनीवर टाकला तर तिथेच बसतो, एखादा टणाटण उडतो. कुणी जड, कुणी हलका, कुणी मऊ, कुणी दगडासारखा. काहींना गुळगुळीत लाख असते, काही खरखरीत. कडेला आपटून वळवायचा असेल तर कुठल्या उसळीचा बॉल किती अंशात परत येईल हे पाठ करावं लागतं. ज्या ठिकाणी होलच्या मागे लगेच कठडा आहे तिथे मेलेला घ्यायचा, म्हणजे आपटून परत पळत नाही. एका होलसाठी एक बॉल, दुसऱ्यासाठी दुसरा, असं चालतं. फक्त होल सुरू केलं की मध्येच बदलायचा नाही.

तापमानाने उसळी बदलते, म्हणून थंडीच्या सकाळी मंडळी बॉल खिशात, काखेत, मोज्यात घालून फिरतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं काहीतरी विधी चाललाय. एक सत्तरीचे आजोबा पुढच्या होलचा बॉल डाव्या खिशात शेकत ठेवतात आणि आधीचा मारून झाला की उजव्या खिशात टाकतात. अठरा होल हे असं. त्यांच्या बॉलचा रंग विचाराल तर त्यांनाही आठवायला वेळ लागेल. रंग असतो तो पेटीतून नेमका तोच बॉल चटकन हाताला लागावा म्हणून.

आता शेवगाताईंचा खरा प्रश्न, दोघांनी एकच रंग घेतला तर काय बिघडतं. आमच्याकडे काहीच बिघडत नाही, कारण एकाने होल पूर्ण केल्याशिवाय दुसरा सुरूच करत नाही. कोर्सवर एका वेळी एकच बॉल. सहा टोल्यांत नाही गेला तर सात लिहायचे आणि पुढे. तुमच्याकडे अमेरिकेत सगळे एकापाठोपाठ पहिला टोला मारतात आणि मग आठ बॉल एकदम हिरवळीवर लोळत असतात. रंगाची गरज तिथून निर्माण होते. तेव्हा पोरांना सांगा: सगळ्यांना गुलाबी हवाय? घ्या. पण मग एकाचं होल संपेपर्यंत बाकीच्यांनी हाताची घडी घालून उभं राहायचं. किती जण गुलाबीवर ठाम राहतात बघा.

शेवगा

हे म्हणजे कमाल उत्तर आहे. आठ पोरांत हाताची घडी घालून उभं राहणारं एकही नाही. बसल्या जागी प्रश्न सुटला.

सरकी

आयडी बघून कळेलच, मी यवतमाळची. म्हणून एक तुकडा माझ्याकडून.

लाल-हिरव्याचा एवढा ऊहापोह झाला, पण ते टर्फ हिरवं का? सुरुवातीच्या काळात या खेळाला खरं गवतच लागायचं. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला १८६७ पासून बायकांचा पटिंग क्लब आहे, चढउतारांच्या त्या हिरवळीला 'हिमालयाज' म्हणतात! तिथे गवत ठीक आहे. पण अमेरिकेत उन्हातान्हात शंभर लोकांनी दिवसभर तुडवलेलं गवत टिकणार कसं? तर फेअरबेर्न नावाच्या एका माणसाने सरकीची टरफलं भरडून, त्यात वाळू आणि तेल घालून, हिरवा रंग देऊन पृष्ठभाग बनवला. १९२० च्या दशकात त्याचं पेटंटही घेतलं. याच दशकात टेनेसीजवळच्या लुकआउट माउंटनवर गार्नेट कार्टरने आपल्या हॉटेलाशी 'टॉम थंब गोल्फ' सुरू केलं आणि त्यात हाच पृष्ठभाग वापरला. १९३० साली तर अमेरिकेत याचं अक्षरशः वेड आलं, न्यूयॉर्कमध्ये इमारतींच्या गच्च्यांवर कोर्स होते.

म्हणजे आपण ढेप करून म्हशीला घालतो त्या सरकीच्या टरफलावर अर्धी अमेरिका खेळली. हिरवा रंग त्यात हाताने घातलेला होता. दुसरा कुठला घातला असता तर टवाळरावांचा लाल आज नीट दिसला असता.

टवाळ

सरकीताई, तुम्ही एकट्याच माझ्या बाजूने. धन्यवाद.

चहाबाज

सगळ्यांचं वाचलं. भाड्याच्या बॉलबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून.

टेक्सासला कॉलेजात असताना दोन उन्हाळे मी त्याच खिडकीत उभा होतो, पटर आणि बॉल देत. त्या बादलीतले रंगीत बॉल आतून सारखेच असतात. मुद्दाम कमी उसळणारे बनवतात, नाहीतर कुणीतरी जोरात हाणणार आणि बाजूच्या रस्त्यावरच्या गाडीची काच जाणार. पण वय सारखं नसतं. काही नवे कोरे, काहींना दगडावर आपटून खळगे पडलेले, एखाद्याची साल निघालेली. लोक रंगासाठी भांडत आणि हाताला लागेल तो खरवडलेला बॉल घेऊन जात. मग 'सरळ मारला तरी डावीकडे जातो' म्हणून कोर्सला नावं ठेवत.

आधी बॉल बोटांत फिरवून बघा. कुठे कंगोरा लागतो का? मग काउंटरवर हळूच घरंगळवा, डुगडुगत जातो का? तो बाजूला ठेवा, दुसरा मागा. खिडकीतल्या पोराला काही फरक पडत नाही, बादली भरलेली असते. त्यातल्या त्यात सांगायचं तर पांढरे बॉल बहुधा जास्त बरे असत, कारण लहान मुलं ते घेत नसत. गुलाबी आणि निळे सगळ्यात झिजलेले.

आणि पाणी. आमच्याकडे तळ्यात निळा रंग टाकायचे, फोटो छान यावेत आणि तळचा गाळ दिसू नये म्हणून. गेलेला बॉल काढायला लांब दांड्याची जाळी ठेवलेली असे. त्या निळ्या पाण्यातून केशरी आणि पिवळे लगेच निघत. निळे, जांभळे, हिरवे आम्ही सोमवारी सकाळी तळं साफ करताना टोपलीभर काढायचो.

रानमोगरा

चहाबाज, झिजलेल्या गुलाबीचं लॉजिक भारी आहे. मग मोठ्यांनी पांढरा घ्यायचा की काय?

बाकी, जुळ्यांची एक आई आमच्याकडे आहे. दोघींना एकच रंग लागतो. ती पर्समधली टिकली काढून एकीच्या बॉलला चिकटवते. छोटीशी, लाल.

नेकारकाठी

टिकलीने बॉल उडत जाईल हो! खरंच सांगतो, सपाट जागेवर हळू मारलेल्या बॉलला तेवढी जाडी पुरते. होलच्या तोंडाशी येऊन नेमका टिकलीवर थबकेल.

रानमोगरा

पाच वर्षांच्या पोरींचं बोलतेय हो, जर्मन लीगचं नाही.

चहाबाज

पाच वर्षांच्या पोरी असोत की कोणी, अठराव्या होलनंतर ती टिकली काढा एवढीच विनंती. शेवटचं होल बॉल गिळतं, तो पाइपातून थेट खिडकीखालच्या पेटीत येतो. डिंक लागलेला बॉल पाइपात अडकला की त्याच्यामागे सगळी मालगाडी थांबते, आणि मग कुणाला तरी झाकण उघडून हात घालावा लागतो. तो हात माझा असायचा.

या गिळणाऱ्या होलवरून आठवलं. लहान मुलांना आधी सांगून ठेवा की हा बॉल परत मिळणार नाही. रोज एक तरी मूल 'माझा पिवळाऽऽ' करून त्या भोकाशी बसकण मारायचं.

यष्टीमागे

अमेरिकेतल्या पट-पट या मिनी गोल्फच्या साखळीचं काय? तिकडे कठडेच केशरी असतात, मग केशरी बॉल कडेला गेला की दिसत नसणार.

चहाबाज

बरोबर. ती साखळी नॉर्थ कॅरोलायनात फेएटव्हिलला १९५४ साली सुरू झाली. गोरिलाही नाही, धबधबाही नाही, नुसते कठडे आणि उंचवटे, सगळी होल पार दोनची, म्हणजे दोन टोल्यांत संपवायची. तिथे कडेचा वापर करूनच खेळायचं असतं, त्यामुळे बॉल सारखा कठड्याला चिकटलेला. केशरी सोडून काहीही घ्या.

कट्टा_नं_३

ठाण्याहून. बाहेर उन्हात खेळणाऱ्यांचं झालं, आमच्यासारख्यांचं काय? मॉलमध्ये अंधारातलं मिनी गोल्फ असतं ना, जांभळे दिवे लावून सगळं चमकतं ते. येत्या शनिवारी ऑफिसची गँग जाणार आहे. बायकांनी आधीच ठरवलंय, नवरात्रासारखा वाराचा रंग धरून कपडे आणि तोच बॉल. शनिवारचा कुठला हे मला विचारू नका. तिथे कुठला रंग बरा?

आडवा_छेद

तिथे वरचे सगळे नियम उलटे. ते दिवे अतिनील प्रकाशाचे असतात, साध्या रंगावर पडून डोळ्याला फारसं काही परत येत नाही. फ्लोरोसंट रंग मात्र तो प्रकाश शोषून दिसणाऱ्या रंगात परत फेकतात. म्हणून फ्लोरोसंट पोपटी, केशरी, गुलाबी झगझगतात आणि साधा लाल किंवा निळा काळा ठिक्कर पडतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही केशरी सारखेच दिसतील, तेव्हा बॉल काउंटरवर न निवडता दिव्याखाली नेऊन निवडा. इथे पोपटी चालेल, कारण जमीन बहुतेक काळी असते. पण जमिनीवरची नक्षीही त्याच रंगाने काढलेली असेल तर दुसरा घ्या.

वाराच्या रंगाचं तुमचं तुम्ही बघा. फक्त बायकांना सांगा, काळा ड्रेस टाळा. पांढऱ्या कपड्यांबरोबर धुतला असेल तर त्यावरचं एकूण एक कुसळ त्या दिव्यात चमकतं.

टवाळ

आणि लाल?

आडवा_छेद

फ्लोरोसंट असेल तर घ्या हो. घ्या एकदाचा.